आधी नुसता वास

धानोऱ्याच्या बाजारातून सहा बीट आणले,
माती लागलेली पिशवी एसटीभर मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, बाई, एवढी रताळी?
मी म्हटलं, रताळी नाहीत हो, परीक्षा आहे माझी.

मैनाबाई नैतामनं खिचडीत किसून टाकलं
आणि अख्खं पातेलं गुलाबी झालं,
होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सदऱ्यासारखं.
सतरा ताटल्या. सोळा माना खाली.
सतरावा रैनू उसेंडी, वय चार वर्षं दोन महिने,
वजन अकरा किलो आठशे,
हात पाठीमागे बांधून म्हणाला,
"रगत हाय हे. मी नाई खाओ."
मग सोळा माना वर आल्या.
बीट तिथंच हरलं.

माझी आई आर्वीची. तिची रीत वेगळी होती:
कारल्याच्या फोडी संपेपर्यंत
पाट सोडायचा नाही, दिवेलागण झाली तरी.
मी पाट सोडला नाही.
फोडी मात्र एकेक करून पाटाखाली सारल्या,
आणि आज एक्केचाळिशीतही
कारल्याच्या वेलाशी आले की पाय आधी वळतात.

म्हणून रैनूला म्हटलं, नको खाऊस.
हात लाव. गार आहे का सांग.
आधी नुसता वास घे.
जबरदस्ती नाही, अजिबात नाही.

त्यानं वास घेतला, लांबून,
विंचवाच्या बिळात डोकवावं तसा.
"माती," म्हणाला.
खरंच होतं ते. मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी चिरलेल्या बिटाचे ठसे:
अंगणवाडीच्या भिंतीवर, वजनाच्या तक्त्याशेजारी,
मग मैनाबाईच्या पाठीवर,
मग दारातल्या शेळीच्या कानावर.
बोटं लाल, कोपरं लाल.
नाकावर माशी बसली, ती हाकलताना
एक बोट ओठांना लागलं,
आणि ओठांनी ते हळूच आत घेतलं.
मी पाहिलंच नाही असं दाखवलं.
डाळ निवडत राहिले, निवडलेलीच पुन्हा.

गुरुवारी तो आला तो द्रोण घेऊन,
पळसाचा, वर दुसऱ्या पानाचं झाकण.
"मायनं देल्लं. तुले."
आत लाल मुंग्यांची चटणी, पाट्यावरची,
मिरची, मीठ,
आणि काही पाय अजून ओळखू येणारे.

पाच वर्षं झाली मला या गावात.
पाच वर्षं दर खेपेला सांगत आले:
आज उपास आहे, आज पोट बरं नाही,
आज सोमवार, आज चतुर्थी.
कॅलेंडरात नसलेल्या एकादश्यासुद्धा
मी इथं पाळल्या.

रैनू समोर उकिडवा बसला,
हनुवटी गुडघ्यांवर, डोळे माझ्या तोंडाकडे.
"जबरदस्ती नाई, बाई," म्हणाला,
"आंधी नुसता वास घे."

घेतला.
कच्च्या चिंचेचा, ओल्या सालीचा.
मग करंगळीच्या टोकावर मावेल एवढी घेतली.
आंबट, मग झिणझिण्या,
मग डोळ्यांत पाणी, मग परत आंबट,
कुणी कैरी ठिणगीवर धरावी तसं काहीतरी.
चुलीपाशी मैनाबाई तोंडाला पदर लावून हसत होती,
पाच वर्षांचं साठलेलं.

"कसी लागते?"
खोटं बोलायची सोय नव्हती.
"घाबरल्यासारखी," म्हटलं. "पण चांगली."

तो उठला, पातेल्यापाशी गेला,
बोटाच्या पेराएवढी फोड उचलली,
अर्धी चावली. थांबला. गिळली.
उरलेली अर्धी शेळीला दिली.
"माती लागते," पुन्हा म्हणाला,
पण ताटलीच्या चकाकत्या बुडात
जीभ बाहेर काढून
तिचा रंग किती वेळ पाहत राहिला.

आता संध्याकाळ. रजिस्टर उघडलंय.
रैनू उसेंडी. पुढे शेऱ्याचा रकाना.
खाल्लं असं लिहिता येत नाही,
नाही खाल्लं असंही नाही.
लिहिते: चाखलं.
खालच्या ओळीत माझंही नाव घालावं म्हणते,
पण हे रजिस्टर
सहा वर्षांपर्यंतच्यांचं.